शनिवारचा चुरा

आमच्या घरी शनिवारी चूल पेटत नसे, आणि एवढ्या एका गोष्टीवर आमची सगळी कंपनी उभी आहे. लोकांना वाटतं, कंपनी काढायची म्हणजे कुणीतरी डोकं लढवलं असेल, बाजार हेरला असेल. माझ्या आजोबांनी, जेरोम पेनॉयर यांनी, यातलं काहीएक केलं नाही. आम्ही रविवारऐवजी शनिवार पाळणारे ख्रिस्ती; शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, लागायचा, तो शनिवारी सूर्य मावळेपर्यंत. तेवढ्या वेळात विस्तव नाही, काम नाही. पण मिशिगनच्या थंडीत शनिवारी सकाळी पोरांच्या पोटात काहीतरी पडायला तर हवं. म्हणून आजीनं जाड्याभरड्या गव्हाच्या पिठाच्या लाद्या भाजल्या, लाकडी मोगरीनं फोडल्या, दळल्या, पुन्हा भाजल्या. असा जो चुरा निघाला तो गारगोटीसारखा टणक होता. शुक्रवारी संध्याकाळी दुधात भिजत घालायचा आणि शनिवारी सकाळी खायचा. न भिजवता खाल्ला तर दात गेलाच म्हणून समजा. ओहायोतल्या एका गृहस्थाची खरंच दाढ गेली. त्यानं तक्रार केली तेव्हा आजोबांनी त्याला एक नवा वाडगा भेट पाठवला आणि सोबत एक ओळ लिहिली, 'आदल्या संध्याकाळी भिजवा.' पुढं तीच ओळ खोक्यावर छापली गेली. आजही आहे.

चुऱ्यानंतर गव्हाचे पोहे आले. गहू उकडायचा, रात्रभर डब्यात मुरू द्यायचा, सकाळी लोखंडी रुळांतून दाबून काढायचा आणि भाजायचा. त्यातही आजोबांनी घोळ घातलाच. डब्यात गहू मुरतो म्हणजे तो काम करतो, तेव्हा शब्बाथला त्यालाही सुट्टी हवी, असं त्यांचं मत पडलं. म्हणून गुरुवारनंतर आमच्याकडे गहू उकडत नसत. मग कोंडा आणि काकवी एकत्र भाजून केलेली कॉफी आली. आम्हा शनिवारवाल्यांना खरी कॉफी चालत नाही, त्यामुळे आम्ही तीच प्यायचो. शेजारचा क्लाईड बॅसेट रविवारवाला होता. तो त्या कॉफीला 'बाप्तिस्मा दिलेलं पाणी' म्हणायचा आणि दोन कप रिचवायचा.

कारखाना म्हणजे घराच्या मागची विटांची भट्टी, दगडी जातं, रुळांची खोली आणि खोकी भरायची लांब पडवी. भट्टीपाशी आई, जात्यापाशी बाबा, रुळांवर माझा थोरला भाऊ वेंडेल, आणि खोकी चिकटवायला मी अन् गावातल्या चार बाया. माझं नाव अर्डिस. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या बोटांची खळ कधी सुटत नसे. केसांना हात लावला की केस चिकटायचे. लग्नात तरी हात धुऊन उभी राहा, असं बाया चिडवायच्या.

बाबांचं नाव ऑरिन. उंच, वाळकुडा माणूस, खांद्याला कायम पिठाचा थर. बोलणं मोजकं आणि हट्ट अमाप. त्यांच्या सगळ्या जगात एका गोष्टीचा त्यांना खरा गर्व होता, आणि ती म्हणजे ओढ्याकडचं शेत. त्या शेतात आजोबांचा पांढरा गहू असायचा. बाकी मुलखानं कधीच तो सोडला होता. शेतकी कॉलेजवाल्यांनी काढलेली नवी वाणं लोक पेरायचे, उतारा जास्त म्हणून. पोह्यांना तो नवा गहू चालायचा. चुऱ्याला नाही. नव्या गव्हाचा चुरा रात्रभर भिजला की सकाळी लापशी व्हायची. आजोबांच्या गव्हाचा चुरा मऊ व्हायचा, पण दाताखाली कण लागायचा. त्या कणासाठी लोक आमचं खोकं घ्यायचे. तो गहू जगात आणखी कुठे नव्हता. दरवर्षी ओढ्याकडच्या शेतातून निघायचा, आणि त्यातलाच राखून पुन्हा तिथंच पेरला जायचा. एक वर्ष बी हुकलं की चुरा संपला. हे आम्ही कुणी तोंडानं बोलत नसू, पण जुलै महिना आला की घरात सगळ्यांचा आवाज आपोआप खाली यायचा.

त्या वर्षी गहू पिवळा पडला आणि पाऊस लागला. सरोवराकडून ढग यायचे, पडायचे, जरा थांबायचे, पुन्हा पडायचे. पांढऱ्या गव्हाचं एक वाईट असतं, कणीस पिकल्यावर ओल फार दिवस राहिली तर दाणा उभ्या ताटावरच मोड आणतो. तांबडा गहू तरी जरा धीर धरतो. पांढरा म्हणजे अगदी उतावळा. बाबा रोज बूट चिखलात ओढत शेतात जायचे, कणीस तळहातावर चोळायचे, फुंकर मारायचे आणि दाणा दाढेखाली धरायचे. मऊ लागायचा. मग जाऊन रिकाम्या जात्याच्या दगडांना टाकी लावून धार काढत बसायचे. त्या दगडांना त्या आठवड्यात जितकी टाकी लागली तितकी पुढं दहा वर्षांत लागली नाही.

शुक्रवारी दुपारी वारा फिरला. पश्चिमेकडून कोरडा, गरम वारा आला. पडवीतल्या ओल्या फळ्या बघता बघता पांढऱ्या पडल्या. आम्ही सगळे काम टाकून शेतात गेलो. वेंडेलनं दाणा चावला.

"अजून ओला आहे," तो म्हणाला. "पण हा वारा राहिला तर उद्या दुपारपर्यंत कापण्याजोगा होईल."

"परवा कापू," बाबा म्हणाले.

"परवा पाऊस आहे. रेडिओवर सांगितलं."

"रेडिओ काय, रोज सांगतो."

"आणि रोज पडतोय ना, बाबा!"

बाबांनी एक कणीस तोडून वेंडेलच्या हातात दिलं. "मोड दिसतोय का?"

"नाही."

"मग देवानं आठवडाभर राखलं ते आणखी एक दिवस राखील. उद्या सूर्य मावळला की कंदील लावून कापू."

वेंडेल त्याच वर्षी सैन्यातून परत आला होता. आमच्यातली पोरं बंदूक धरत नाहीत, म्हणून त्याला कोरियात जखमींच्या तंबूत लावलं होतं. गेला तेव्हा जेवायच्या आधीची प्रार्थना सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा. परत आला तेव्हा नुसते डोळे मिटून बसायचा. आईनं ते पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. बाबांनी पाहिलं की नाही कोण जाणे.

संध्याकाळी ऊन उतरायच्या आत आईनं नेहमीसारखे चार वाडगे मांडले, प्रत्येकात चुरा घातला, दूध ओतलं, वर ताटल्या झाकल्या आणि विस्तव मोडला. जेवताना वेंडेलनं पुन्हा विषय काढला.

"शब्बाथच्या दिवशी बैल विहिरीत पडला तर काढता येतो. बायबलातच आहे."

"बैल जिवंत असतो," बाबा म्हणाले.

"गहू मेलेला असतो होय? मग पेरता कशाला?"

मला हसू आलं. आईनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"तंबूत आम्ही शनिवारी काम करायचो," वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "शनिवार आहे म्हणून माणसाचं रक्त थांबत नाही. तेव्हा तुम्ही लिहिलंत, की बरोबर करतोस."

"ती माणसं होती."

"आणि हा गहू गेला तर ही भट्टी, आई, अर्डी, त्या चार बाया? ही माणसं नाहीत?"

बाबांनी पाव मोडला.  "माझ्या बापानं हा चुरा काढला तो शनिवार पाळता यावा म्हणून," ते म्हणाले. "चुरा राहावा म्हणून शनिवार मोडायचा, तर मग तो चुरा खायचा कुणी आणि कशाला?"

बाबांचं मला पटलं.  पण वेंडेलचंही मला पटलं होतं, आणि एकाच टेबलाशी बसलेल्या दोन माणसांचं एकाच वेळी पटणं ही फार वाईट गोष्ट असते.

सकाळी ऊन कडक पडलं. वेंडेलनं आपला वाडगा खाल्ला नाही. डोकं दुखतंय म्हणाला, चर्चला यायचा नाही. आम्ही तिघं गेलो. खिडक्या उघड्या होत्या, वारा वाहत होता, आणि दुसरं स्तोत्र चालू असताना ओढ्याच्या बाजूनं यंत्राचा आवाज आला. आधी मला वाटलं, रविवारवाल्यांपैकी कुणीतरी आपलं कापत असेल. पण क्लाईडच्या यंत्राला एक खोड होती. दर थोड्या वेळानं ते खोकल्यासारखं करायचं. सगळ्या चर्चला तो खोकला ओळखू आला. पुढच्या बाकावरच्या बायका मागं वळून न बघता मागं बघू लागल्या. ही कला आमच्या गावात फार चांगली जमायची. बाबांचे कान लाल झाले. पण ते जागचे हलले नाहीत. स्तोत्राचं शेवटचं कडवंही त्यांनी म्हटलं, प्रवचनही ऐकलं, दारात सगळ्यांशी हात मिळवले. घरी परततानाही त्यांनी आपली चाल वाढवली नाही. मला त्यांचा इतका राग आला की रडू फुटलं.

शेत अर्धं झालं होतं. क्लाईड ट्रॅक्टरवर आणि मागच्या यंत्रावर वेंडेल, धुळीनं पांढरा झालेला. बांधाला लावलेल्या गाडीत गहू ओतलेला होता. कोरडा, सोन्यासारखा पिवळा, एकाही दाण्याला मोड नाही. मी मूठ भरून पाहिली.

बाबा आपल्या काळ्या कोटात यंत्राच्या वाटेत उभे राहिले. ट्रॅक्टर त्यांच्यापाशी येऊन थांबला.

"क्लाईड, यंत्र बंद कर."

"ऑरिन, मला कुणी सांगितलेलं नाही," क्लाईड तंबाखूची पिंक टाकत म्हणाला. "मी आपला वाट चुकलो. माझ्या शेतातनं निघालो तो इकडं शिरलो."

"तुझा उद्या शब्बाथ. उद्या मी तुझ्याकडे येऊन तुझं गवत कापू?"

"ये की! जेवणही घालीन." क्लाईडचं हसू मधेच विरलं. "अरे बाबा, संध्याकाळी पाऊस आहे. माझा गुडघा सांगतोय. दोन तासांत उरलेलं होतंय. तू तिकडं तोंड कर, नाहीतर चर्चमध्ये जाऊन बस. पाप लागलं तर मला लागू दे. आमच्यात शनिवारी लागत नाही."

"शब्बाथला माझ्या दारात आलेल्या परक्यानंही काम करायचं नाही, असं दहा आज्ञांत लिहिलंय."

"मी परका?" क्लाईडला ते लागलं. त्यानं किल्ली फिरवली. यंत्र खोकलं आणि थांबलं.

त्या शांततेत वेंडेल खाली उतरला. बापासमोर येऊन उभा राहिला. दोघांची उंची सारखी, नाकंही सारखी.

"मी आणलंय त्याला," तो म्हणाला. "मला बोला."

 बाबांनी मुलाच्या खांद्यावरचं भूस बोटांनी झटकलं, अगदी चर्चला जाताना झटकायचे तसं, आणि घराकडे वळले. वेंडेलला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. त्याच्या तोंडावर मी ते पाहिलं.

क्लाईडचा गुडघा खरा ठरला. सूर्य मावळायला थोडा अवकाश होता आणि पश्चिमेला काळं आलं. बाबा हातात कंदील घेऊन ओट्यावर उभे होते, न पेटवलेला. वेंडेलनं क्लाईडच्या ताडपत्रीनं गाडीतला गहू झाकला होता. सूर्य तर दिसेचना, मग मावळला हे कसं कळणार? बाबा घड्याळाकडं बघत राहिले. वेळ झाली तेव्हा त्यांनी काडी ओढली, आणि पहिले टपोरे थेंब कंदिलाच्या गरम काचेवर पडून चुर्रकन वाजले.

रविवारी पाऊस, सोमवारी पाऊस. मंगळवारी बाबांनी मला शेतातून एक कणीस आणायला सांगितलं. प्रत्येक दाण्याच्या टोकाला पांढरं शेपूट फुटलं होतं. त्यांनी ते कोटाच्या खिशात ठेवलं आणि गाडीपाशी गेले, तिथं वेंडेल कोरडा गहू हलवत होता.

"हे क्लाईडकडे नेऊन टाक," ते म्हणाले. "त्याच्या कोंबड्यांना होईल."

वेंडेलच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. "हा बियाण्याचा गहू आहे, बाबा."

"शनिवारी कापलेला आहे."

"मग पेरणार काय?"

"उभा राहिला ते."

"त्याला मोड आलेत! ते उगवणार नाही. तुम्हाला माहिती आहे!"

"माहिती आहे," बाबा म्हणाले.

मी पुष्कळ हट्टी माणसं पाहिली आहेत. ती बहुतेक स्वतःला खरं समजत असतात म्हणून हट्टी असतात. बाबांचं तसं नव्हतं. आपण काय गमावतोय हे त्यांना दाण्यादाण्यानिशी ठाऊक होतं, आणि ते बोलताना त्यांची हनुवटी म्हाताऱ्या माणसासारखी हलत होती.

वेंडेलनं गाडी नेऊन क्लाईडच्या कोठारात रिकामी केली, परत आला, सैन्यातली पिशवी भरली. शहरात मोठ्या कारखान्यात काम मिळेल म्हणाला, तिथं साखर लावलेले पोहे करतात आणि खोक्यात खेळणी घालतात. आईनं त्याला चुऱ्याचं एक खोकं दिलं. "आदल्या संध्याकाळी—" ती म्हणाली. "भिजवीन," तो म्हणाला. बाबा जात्याला टाकी लावत होते. टाकीचा आवाज मोटार निघून गेल्यावरही थांबला नाही.

मोडाचा गहू आम्ही शेकून वाळवला. त्याचं पीठ चिकट, हाताला सोडेना. आईच्या लाद्या भट्टीत बसल्या, काळ्या पडल्या. तिनं विस्तव कमी केला, लाद्या पातळ केल्या, कोपरापर्यंत भाजून घेतलं, पण चुरा काढला. काळसर आणि गोड. दाताखाली कण नाही. बाबांनी चमचाभर तोंडात घातला आणि डोळे मिटून बसले. खोक्यावर आम्ही हातानं शिक्का मारला, 'यंदा गहू भिजला.' लोकांनी एकदा घेतला, दुसऱ्यांदा घेतला नाही. पडवीतल्या चारपैकी दोन बायांना बाबांनी स्वतः घरी जाऊन सांगितलं की आता काम पुरणार नाही. सांगून आले आणि जेवले नाहीत.

सप्टेंबरात ओढ्याकडचं शेत पेरलं. पेरणीच्या यंत्रामागं मी चालत होते. उगवलं ते चाई पडलेल्या डोक्यासारखं, इथं एक झुपका, तिथं एक. वसंतात बर्फ वितळला तेव्हा त्या झुपक्यांतले निम्मे मेलेले होते. आणखी एका चुऱ्यापुरता गहू त्यातून निघेल की नाही, याचा बाबा रोज उभ्या उभ्या हिशेब करायचे. क्लाईड त्या वर्षी आमच्याकडे कॉफी प्यायला आला नाही. रस्त्यात भेटला तर टोपीला हात लावायचा आणि पुढं व्हायचा. 'परका' हा शब्द त्याच्या पोटात होता.

आई मात्र दर शुक्रवारी संध्याकाळी चार वाडगे मांडायची. चौघांना चुरा, चौघांना दूध, वर चार ताटल्या. शनिवारी सकाळी आम्ही तिघं खायचो. चौथा झाकलेलाच राहायचा. सूर्य मावळला की आई तो परड्यात नेऊन कोंबड्यांना घालायची, मागच्या दारानं, बाबांचं लक्ष नसताना. आमच्या घरात चुऱ्याचा कण फेकायची रीत नव्हती, आणि त्या वर्षी तर चुरा मूठमूठ जपून वापरत होतो. "आई, अगं कशाला?" मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, "हाताला सवय आहे गं. तीन घालायला गेलं की हात चुकतो." मग मी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या जुलैत ऊन चांगलं पडलं. अगदी मुद्दाम चिडवल्यासारखं. आमचं ओढ्याकडचं शेत कापायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. जे निघालं ते बाबांनी स्वतः पोत्यात भरलं आणि पोत्याचं तोंड बांधायलाही फार दोरी लागली नाही. बियाण्याला ठेवावं तर चुरा नाही, चुरा करावा तर बियाणं नाही. बाबा त्या पोत्यांवर बसून राहिले.

त्याच शुक्रवारी, उन्हं कलल्यावर, क्लाईडचा ट्रक आमच्या आवारात शिरला. काठोकाठ भरलेला, वर ताडपत्री. क्लाईड बाजूच्या सीटवरून उतरला. चालवत होता वेंडेल. बारीक झाला होता, हातावर भाजल्याचे डाग होते. तो खाली उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला. आई भट्टीच्या दारात आली आणि तिथंच खांबाला धरून थांबली.

"गहू आणलाय," क्लाईड म्हणाला. "विकत घेतोस तर बघ."

"नवा गहू पोह्यांना चालतो," बाबा म्हणाले. "सोमवारी आण."

"आधी चावून तर बघ, ब्रदर ऑरिन."

क्लाईडनं ताडपत्री वर केली. बाबांनी चार दाणे उचलले. बघितले, आणि त्यांचा हात थांबला. मग एक दाणा दाढेखाली धरला. तो टचकन मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

"हा कुठून आणलास?"

"माझ्या शेतातून. कोंबड्यांना दिला होतास ना? माझ्या कोंबड्या यंदा जरा कमी जेवल्या. उरला तो पेरला." क्लाईडनं बोट उगारलं. "मी रविवारी पेरत नाही आणि तुझ्यासाठी म्हणून शनिवारीही पेरला नाही. मंगळवारी पेरला. बुधवारी कापायला घेतला. हा पोरगा कापायला आला होता, त्यालाही आज दुपारनंतर यंत्राला हात लावू दिला नाही. आता यात पाप सापडलं तर काढून दाखव. परका माणूस आहे मी, पण तुझं पुस्तक मलाही वाचता येतं."

 बाबांनी गव्हात हात खुपसला, कोपरापर्यंत. तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता हे काहीतरी वचन काढणार आणि पुन्हा सगळं नासवणार. देवाशपथ, तसं झालं असतं तर मीही पिशवी भरली असती.

"तुला मी परका म्हटलं," शेवटी बाबा म्हणाले.

"म्हटलंस."

"चूक झाली."

"झालीच," क्लाईड म्हणाला. "कॉफी आहे का? ती तुमची, बाप्तिस्म्याची?"

बाबांनी पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य मेपलच्या शेंड्यांवर आला होता. भरलेला ट्रक शब्बाथभर आवारात उभा ठेवणं त्यांना चालणार नव्हतं, आणि अंधारायच्या आत तो रिकामा करणं एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. ते पडवीत गेले, चार फावडी घेऊन आले. एक क्लाईडला दिलं, एक मला. तिसरं घेऊन ते ट्रकच्या दारापाशी गेले आणि खिडकीतून आत सरकवलं.

"सूर्य थांबायचा नाही," ते म्हणाले. "उतर."

वेंडेल उतरला.  आम्ही फावडी मारत राहिलो. धूळ नाकातोंडात, घामावर भूस. बाबा आणि वेंडेल शेजारी शेजारी होते आणि दोघांची फावडी एकाच वेळी उठत होती, न ठरवता. मधेच बाबांना खोकल्याची उबळ आली तेव्हा वेंडेलनं त्यांचं फावडं धरलं, खोकला संपल्यावर परत दिलं. शेवटचे दाणे मी केरसुणीनं लोटले. तोवर उन्हाची कड फक्त धुराड्यावर उरली होती.

आम्ही पायरीवर बसलो. आई आतून कॉफीचा कप घेऊन आली, क्लाईडला दिला. मग ती वेंडेलसमोर उभी राहिली. त्याच्या केसांतलं भूस काढायला लागली. एकेक काडी, जणू तेवढंच काम जगात उरलं होतं.

"राहशील ना आज?" तिनं विचारलं.

वेंडेलनं बाबांकडे पाहिलं.

बाबा बुटातला गहू काढत होते. बूट उलटा करून त्यांनी दाणे तळहातावर घेतले, खिशात टाकले. मग आईकडे न बघता म्हणाले, "लव्हिना, उद्या तुझ्या कोंबड्यांना उपास."

आईचा हात वेंडेलच्या केसांत थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. वर्षभर, दर शनिवारी, ती मागच्या दारानं जाताना तो माणूस जात्याकडे तोंड करून बसायचा, आणि त्याला सगळं ठाऊक होतं.

सूर्य मावळला. आत टेबलावर चार वाडगे झाकून ठेवलेले होते.